बाळ नीट झालं, ती नोंद कुठे जाते?

प्रति,
आरोग्य विभाग, ठाणे महानगरपालिका
आणि ठाणे शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर व मेडिकलवाले

विषय : गरोदरपणात घेतलेल्या औषधांची तारखेसह नोंद नावनोंदणीच्या वेळीच करून, बाळंतपण कुठेही झालं तरी तिचा शेवट लिहिण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की गरोदर बायकांनी पॅरासिटामॉल टाळावं, त्याचा मुलांच्या ऑटिझमशी संबंध आहे. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने असा ठोस पुरावा नसल्याचं जाहीर केलं. पण खुलासा नेहमीच बातमीच्या मागून येतो. तोवर क्रोसिन-डोलोचे फोटो फॅमिली ग्रुपवर फिरून झालेले असतात.

त्यातल्या राजकारणाशी आम्हाला कर्तव्य नाही. आम्ही औषधांच्या सुरक्षिततेचं काम करणारी माणसं, आणि अशा बातमीनंतर दुष्परिणामांच्या नोंदींचं काय होतं ही आमची काळजी आहे. ज्या आईच्या मुलाला ऑटिझमचं निदान झालंय ती मागचं सगळं उकरून काढते. तिला तापात घेतलेली गोळी आठवते, आणि ती किंवा तिचे डॉक्टर ते कळवतात. जिचं मूल ठणठणीत आहे तिनेही तीच गोळी घेतलेली असते, पण तिला कुणी विचारत नाही आणि ती कळवत नाही. वर्षभराने कुणी या कळवलेल्या नोंदींचा साठा उघडून मोजलं तर पॅरासिटामॉल आणि ऑटिझम यांच्या जोडनोंदी वाढलेल्या दिसणार. गोळी तीच, मुलं तीच, वाढलं ते कळवणं. मग त्या वाढीचीच पुढची बातमी होते.

याच प्रश्नावर स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट तुलनेत थोडासा फरक दिसला होता. एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर तो फरक नाहीसा झाला. हे त्यांना जमलं कारण तिथे औषधाची विचारपूस गरोदरपणातच, सुईणीच्या तपासणीच्या वेळी होते. मूल कसं निघेल हे तेव्हा ना आईला माहीत असतं ना सुईणीला. आमची सगळी मागणी या एका गोष्टीभोवती आहे.

आपल्याकडे दुष्परिणामांच्या नोंदी 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया'कडे जातात. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथून नोंदी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या 'व्हिजिबेस' या जागतिक साठ्यात जमा होतात. नोंद ग्राह्य धरायला चारच गोष्टी पुरतात : ओळखता येईल असा रुग्ण (आद्याक्षरं चालतात), कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. चाळणी मुद्दाम सैल ठेवलेली आहे, कारण धोक्याची पहिली चाहूल लागावी हे या साठ्यांचं काम. धोका किती हे मोजायला भागाकार लागतो, आणि त्या भागाकारातला छेद, म्हणजे औषध घेतलेल्या एकूण बायका किती, हा आकडा साठ्यात कुठेच नसतो.

छेद नसला की काय होतं ते बघा. काहीही औषध न घेता जन्मणाऱ्या दर शंभर बाळांत दोन-तीन बाळांना मोठा जन्मदोष असतोच. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरातले दहा-पंधरा गर्भ आपोआप पडतात. म्हणजे एखादी अगदी निरुपद्रवी गोळी एक लाख गरोदर बायकांनी घेतली, तर गोळीचा काडीचा हात नसताना दोन-तीन हजार बाळांत दोष दिसणार. त्यातल्या किती नोंदी साठ्यापर्यंत पोहोचतील? निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये एक आढावा निघाला होता. त्यात न कळवल्या जाणाऱ्या दुष्परिणामांचं मध्यक प्रमाण ९४ टक्के होतं. शंभरातले सहा कळतात, आणि ते सहा चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. औषध नवीन असलं की जास्त कळवलं जातं. पेपरात नाव आलं की जास्त, दोष डोळ्यांना दिसणारा असला की जास्त. कोर्टात दावा चालू असला तर विचारूच नका.

साठा चाळणारे लोक छेदावाचून काम भागवायला एक गुणोत्तर वापरतात. समजा, गरोदरपणाच्या १०,००० नोंदी आहेत. 'क' औषधाच्या ५०, त्यांतल्या १० जन्मदोषाच्या, म्हणजे २० टक्के. बाकीच्या ९,९५० नोंदींत जन्मदोषाच्या ९९५, म्हणजे १० टक्के. गुणोत्तर २ आलं, नोंदी तीनहून जास्त आहेत, हा निव्वळ योगायोग आहे का ते तपासणारी काय-वर्ग चाचणीही ४ च्या वर जाते, म्हणजे रूढ निकषाने हा 'सिग्नल', धोक्याची सूचना, झाला. आता एखाद्या वाहिनीने 'क'वर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला आणि जन्मदोषाच्या आणखी १० नोंदी आल्या. ६० पैकी २०, म्हणजे ३३ टक्के, आणि गुणोत्तर ३.३. औषधात काडीचा बदल नाही, एका बाईनेही ते जास्त घेतलं नाही. उलटंही होतं. एका बदनाम औषधाच्या जन्मदोषाच्या नोंदी ढिगाने आल्या की बाकीच्यांचं सरासरी प्रमाण फुगतं आणि खरोखर घातक असलेलं दुसरं औषध त्या फुगवट्यात झाकलं जातं.

हे कागदावरचं गणित राहत नाही. मळमळीवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिनची गोळी अमेरिकेत 'बेन्डेक्टिन' नावाने मिळायची. जन्मदोषांचे दावे सुरू झाले, दाव्यांच्या बातम्यांनी नोंदी वाढल्या, नोंदींनी दावे वाढले, आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. त्यानंतर जन्मदोषांचं प्रमाण घटलं नाही. वाढलं ते उलट्यांनी बेजार होऊन इस्पितळात भरती होणाऱ्या बायकांचं. तीच दोन औषधं तिथे पुन्हा मंजूर व्हायला २०१३ उजाडलं. तीस वर्षं गेली.

आपल्या घरचं उदाहरण वंध्यत्वावर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलचं. २००५ मध्ये एका परिषदेत १५० बाळांवरचा, या औषधाने दोष वाढतात असं सुचवणारा एक गोषवारा वाचला गेला. वंध्यत्वाचे उपचार घेतलेल्या आयांची ही बाळं, आणि तुलना केली ती कमी जोखमीच्या, तरुण आयांच्या बाळांशी. गोषवाऱ्याचा पूर्ण शोधनिबंध कधीच प्रसिद्ध झाला नाही. पुढच्याच वर्षी ९११ बाळांचा, वंध्यत्वावरचंच क्लोमिफीन हे औषध घेतलेल्यांशी तुलना करणारा अभ्यास आला. त्यात लेट्रोझोलच्या गटात दोष जास्त नव्हते. तरी भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर बंदी आली आणि ती उठायला २०१७ लागलं.

आणि छेद असला तर? एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरचं बघा. बोत्स्वानामध्ये बाळंतपणाच्या वॉर्डांत सगळ्याच जन्मांची नोंद ठेवणारी व्यवस्था होती. २०१८ मध्ये तिथे गर्भ राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांत मज्जानलिकेच्या (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या नळीच्या) दोषाची ४ बाळं सापडली, म्हणजे ०.९४ टक्के. जगभर धोक्याच्या सूचना गेल्या. मोजणी मात्र थांबली नाही. २०१९ मध्ये १,६८३ पैकी ५, म्हणजे ०.३० टक्के. २०२० मध्ये ३,५९१ पैकी ७, म्हणजे ०.१९ टक्के. नंतर फरक उरलाच नाही. पहिली चारही बाळं खरी होती. पण प्रत्येक निरोगी बाळाचीही ओळ लिहिली जात होती म्हणून चार वर्षांत खरं काय ते कळलं आणि लाखो बायकांचं चांगलं औषध वाचलं. साध्या दुष्परिणाम-फॉर्मवर ती चार बाळं तेवढी राहिली असती.

यावरून साठे निरुपयोगी आहेत असं कुणी समजू नये. १९५७ मध्ये जर्मनीत आलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीची भानगड १९६१ मध्ये उघडकीला आली ती एकेका डॉक्टरने कळवल्यामुळेच, आणि जागतिक साठ्याची कल्पना त्यातूनच पुढे आली. पण हातपाय नसलेली बाळं हा दोष इतका विरळा होता की चार-पाच दिसली तरी डोळ्यांत भरावा. फिटवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटची कथा निराळी. फ्रान्समधल्या लिओं इथून १९८२ मध्ये पाठीच्या कण्यातल्या दोषाची सूचना आली आणि ती खरी ठरली. गर्भात व्हॅल्प्रोएट लागलेल्या बाळांत मोठे जन्मदोष शंभरात दहाच्या आसपास असतात. मात्र याच औषधाने शंभरातल्या तीस-चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर, वागण्यावर परिणाम होतो हे पक्कं व्हायला आणखी कित्येक वर्षं लागली. चार वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आई बालरोगतज्ज्ञाकडे येते तेव्हा 'तुम्ही पोटुशी असताना फिटची कोणती गोळी घेत होतात?' हे किती जण विचारतात? साठ्यात डोळ्यांना दिसणारं येतं. उशिरा उगवणारं आणि एरवीही भरपूर आढळणारं निसटतं. गर्भपात तर जवळजवळ सगळाच निसटतो.

आता ठाण्यात या.

इथल्या केस पेपरवर गरोदर बाईची औषधं म्हणून काय असतं? सरकारी कार्यक्रमातली लाल गोळी (लोह ६० मि.ग्रॅ. आणि फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम), कॅल्शियम, दुसऱ्या तिमाहीत एकदा जंतांची गोळी, अल्बेंडॅझोल. म्हणजे आपण दिलेली औषधं. नावनोंदणीला बाई येते तेव्हा बहुतेकदा दोन-तीन महिने उलटलेले असतात, आणि त्या महिन्यांत तिने मेडिकलमधून काय घेतलं याचा कागद नसतो. बाळात दोष निघाला की फॉर्म भरणारा समोरच्या कागदावरून औषध लिहितो. लिहिलेली असते लाल गोळी, आणि संशयितांच्या रकान्यात तीच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

'काही औषधं चालू आहेत का?' हा प्रश्न तर टाकूनच द्यावा. त्याला 'नाही' हेच उत्तर येतं, कारण पित्ताची गोळी, डोकेदुखीची गोळी, मुरमाची गोळी यांना कुणी 'औषधं' म्हणत नाही. विचारायचं ते तक्रारीवरून : पाळी चुकल्यापासून ताप आला होता का? अंग दुखलं? पित्त, लघवीला जळजळ, खाज, सर्दी, झोप न येणं? आधीपासून थायरॉइड, बीपी, साखर, दमा, फिट यांचं काही चालू होतं? चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी कॅप्सूल? काढा, चूर्ण, कुणी आणून दिलेली पुडी? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी 'औषधं' नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बाळाचे अवयव घडत असताना खाल्ली जातात. हरयाणातल्या अशा पुड्यांच्या तपासणीत संप्रेरकांसारखी द्रव्यं सापडली आहेत आणि जन्मदोषांशी त्यांचा संबंधही दिसला आहे. त्या कोणत्याच केस पेपरवर येत नाहीत.

हे प्रश्न सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारून उपयोग नाही. लग्नाआधीपासून फिट येणाऱ्या कित्येक मुली सासरी गोळ्या लपवून घेतात. मनोविकारांच्या, टीबीच्या, एचआयव्हीच्या गोळ्यांचंही तेच. वजन-बीपी बघायला बाईला एकटीला आत घ्यायचं आणि तेव्हाच विचारायचं. जे कळेल ते केंद्रातल्या पानावर लिहायचं, माता-बाल संरक्षण कार्डावर नाही. कार्ड घरातले सगळे वाचतात.

औषधाचं नाव रिकाम्या पाकिटावरून लिहावं, बाईच्या सांगण्यावरून नव्हे. 'तापाची गोळी' असं सांगितलं की सिस्टर पॅरासिटामॉल लिहून मोकळ्या होतात. पाकीट कॉम्बिफ्लॅमचं निघालं तर त्यात ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉलबरोबर ४०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन असतं, आणि आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल कमी करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा २०२० मध्ये दिलेला आहे. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेआधी मिटण्याची भीती असते. एका चुकीच्या शब्दाने निर्दोष औषधाच्या माथी दोष बसतो आणि खरं औषध नामानिराळं राहतं. पाकीट फेकलं असेल तर मेडिकलवाल्याला विचारा. तारीख आठवत नसेल तर बाईला तिच्या मोबाइलमधलं पैसे दिल्याचं खातं उघडायला सांगा : मेडिकलच्या नावापुढे तारीख आणि वेळ दोन्ही असतात. मेडिकलवाल्यांना आमची विनंती एवढीच, की वीस रुपयांच्या गोळ्या घेतल्या तरी बिल द्या आणि त्यावर बॅच नंबर येऊ द्या.

तारखेवर एवढा जोर का, ते एक नोंद जवळून पाहिली की कळेल. अशी नोंद नमुन्यादाखल घ्या : 'स्त्री, २६. पहिल्या तिमाहीत गोळ्या. बाळाच्या टाळूला फट.' चार अटी पुऱ्या होतात, नोंद साठ्यात जाते आणि तिचा उपयोग शून्य. रुग्ण कोण? दोष बाळात आहे, तेव्हा रुग्ण बाळ. औषध त्याला 'आईकडून, वारेतून' मिळालं असं लिहायचं, आणि आईचं वय, आजार, शेवटच्या पाळीची तारीख पालकांच्या भागात. आईलाही त्रास झाला असेल तर तिची वेगळी नोंद, आणि दोन्ही नोंदींवर एकमेकींचे क्रमांक. गर्भपात झाला असेल तर आईची एकच. हे न पाळल्याने एकच घटना दोनदा मोजली जाते, किंवा बाळाचा दोष सव्वीस वर्षांच्या बाईच्या नावावर लागतो. साठ्याच्या इलेक्ट्रॉनिक नमुन्यात 'गरोदर : होय/नाही' असा साधा रकाना नसल्याने पुढे शोधणाऱ्याला ही नोंद सापडतसुद्धा नाही. आपल्या राष्ट्रीय फॉर्मवरही गर्भारपण हा शब्द पूर्वेतिहासाच्या रकान्यात, कंसातल्या उदाहरणांमध्ये, अॅलर्जीशेजारी बसवलेला आहे. म्हणून डॉक्टरांनी घटनेच्या वर्णनात पहिलाच शब्द 'गरोदर' असा लिहावा आणि पुढे आठवडे.

'पहिली तिमाही' हा तर आळशी शब्द. मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून २८ व्या दिवसाच्या सुमारास मिटते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहा आठवडे. औषध नवव्या आठवड्यात सुरू झालं असेल तर त्या दोषाचा आळ त्याच्यावर येऊच शकत नाही. टाळू बंद व्हायला पाळीपासून साधारण बारा आठवडे लागतात, तेव्हा आपल्या नोंदीतल्या बाळासाठी दहाव्या आठवड्यातली गोळी संशयित आणि सोळाव्यातली नाही. थॅलिडोमाइडची घातक खिडकी गर्भ राहिल्यापासून २० ते ३६ दिवस एवढीच होती. म्हणून चार तारखा हव्यात : शेवटची पाळी, पहिल्या सोनोग्राफीतलं वय, औषध सुरू, औषध बंद. पाळी आणि सोनोग्राफी यांत आठवड्याहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफी धरा, पण दोन्ही लिहा. काही औषधं बंद केल्यावरही अंगात रेंगाळतात (सोरायसिसवरच्या अॅसिट्रेटिननंतर तीन वर्षं दिवस जाऊ न देण्याची सूचना असते), तेव्हा त्वचारोगाच्या गोळ्यांचा इतिहास पाळीच्या तारखेला थांबवू नये.

फॉर्म भरताना 'औषधानेच झालं का' हे ठरवायचं ओझं डॉक्टरांनी घेऊ नये. एरवी औषध थांबवून बघतात, पुन्हा देऊन बघतात. जन्मदोषात दोन्ही अशक्य, त्यामुळे औषधावरचा संशय किती पक्का हे ठरवायची नेहमीची गुणपत्रिका इथे लंगडी पडते आणि बहुतेक नोंदी 'शक्य' याच्या पुढे जात नाहीत. जाऊ नयेतच. कोर्टकचेरीची भीती मात्र अनाठायी आहे : कळवणं म्हणजे डॉक्टरची किंवा औषधाची चूक कबूल करणं नव्हे, असं त्याच फॉर्मवर छापलेलं असतं आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. रुग्णांसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, तो मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कामाच्या दिवशी फोन करूनही कळवता येतं. हा क्रमांक प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर हवा. आणि 'हे कॅटेगरी बी आहे, चालतं' ही भाषा आता सोडावी. अमेरिकेनेच औषधांच्या गरोदरपणातल्या सुरक्षिततेची ती ए-बी-सी-डी-एक्स अक्षरं २०१५ पासून मोडीत काढली, कारण सी मध्ये प्राण्यांवर काहीतरी आढळलेलं औषध आणि काहीच माहीत नसलेलं औषध शेजारी बसायची.

आता आमची मागणी. महापालिकेची आरोग्य केंद्रं आणि प्रसूतिगृहं यांपैकी दोन-तीन ठिकाणी एक वर्षभर नावनोंदणीच्या वेळी औषधांचं एक वेगळं पान भरावं. रकाने थोडे : पाकिटावरचं नाव आणि घटक मि.ग्रॅ.सह, कशासाठी, दिवसाला किती, सुरू, बंद, कुठून आणलं. पुढच्या प्रत्येक भेटीत, विशेषतः दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी गरोदर तपासणीला जास्त बायका येतात तेव्हा, एवढंच विचारावं की मागच्या खेपेपासून नवीन काय घेतलं. दोष निघेल का याची वाट न पाहता प्रत्येकीचं पान भरायचं. ही नोंद गाझियाबादच्या साठ्यासाठी नाही. तिथे फक्त संशयास्पद घटना जातील. हे पान शहराचा स्वतःचा छेद आहे.

खरी अडचण शेवट लिहिण्याची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. वागळे इस्टेटच्या केंद्रात नाव घातलेली, कळव्याच्या मेडिकलमधून गोळ्या घेतलेली बाई बाळंत होते संगमेश्वरला, जतला, नाहीतर थेट आझमगढला. आपल्या वहीत तिचं पान अर्धवट राहतं. आणि परत येऊन सांगतात त्या कोण? ज्यांच्या बाळाला उपचार हवे असतात त्या. म्हणजे बातमी नसतानाही माहेरच्या प्रथेमुळेच आजारी बाळं मोजली जातात आणि धडधाकट बाळं गळतात. म्हणून नावनोंदणीलाच माहेरचा एक फोन नंबर आणि गाव लिहून घ्यावं. आशाताई बाळाला भेटायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. माहेरी गेलेल्यांना ४२ व्या दिवशी केंद्रातून एक फोन जावा. प्रश्न चार : बाळ जिवंत आहे का, किती आठवड्यांचं झालं, वजन किती, डॉक्टरांनी काही दोष सांगितला का.

याहून लवकर संपलेल्या गर्भधारणांचा शेवटही लिहायला हवा. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत दोष दिसून गर्भपात झाला तर तो कुठल्याच जन्मनोंदीत येत नाही, आणि मोठे दोष नेमके तिथेच असतात. गर्भपाताच्या नोंदी कायद्याने गुप्त आहेत, त्या तशाच राहाव्यात. पानावर नाव नको, केंद्राचा क्रमांक आणि 'गर्भपात, आठवडा अमुक, सोनोग्राफीत तमुक दोष' एवढं पुरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं फाटका ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष यांसाठी मुलं तपासतातच. त्यांच्या कागदावर आईच्या पानाचा क्रमांक आला की तीन वर्षांच्या अंगणवाडीतल्या मुलाचं उशिरा बोलणंसुद्धा आईच्या गोळीपर्यंत मागे नेता येईल.

एका शहराच्या वर्षभराच्या पानांतून मोठे शोध लागणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. युरोपच्या औषध संस्थेच्या मोजपट्टीवर एखाद्या औषधाची ३०० ते १,००० गर्भधारणांची माहिती 'मध्यम' समजतात, १,००० च्या वर 'भरपूर'. ३०० बायकांत एकही दोष दिसला नाही तरी खरं प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकतं. पण थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९८ पासून एकाच आजाराची, अपस्माराची (म्हणजे फिटची), गरोदरपणातली नोंदणी चालवली आणि भारतीय बायकांतल्या फिटच्या औषधांविषयी आज आपण जे ठामपणे बोलतो त्यातलं बरंच तिथून आलं. ठाण्यानेही थायरॉइड, फिट, बीपी आणि मळमळ एवढ्या चारच तक्रारींपासून सुरुवात केली तरी चालेल.

जाता जाता दोन गोष्टी. पत्रकारांना : 'अमुक औषधाच्या इतक्या तक्रारी' अशी बातमी करताना ते औषध किती जणींनी घेतलं हे विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तेच बातमीत लिहा. आणि हे पत्र वाचणाऱ्या गरोदर बायकांना : थायरॉइडची, बीपीची, फिटची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला, ते बदलून देता येण्यासारखं असू शकतं. पण एकाएकी थांबवलेल्या गोळीने आलेली मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. सुरुवातीच्या आठवड्यांतला सणसणीत तापसुद्धा मज्जानलिकेच्या दोषांशी जोडला गेलेला आहे. तो अंगावर काढू नका.

पानाचा नमुना आम्ही दोन्ही बाजूंनी छापता येईल असा, मराठी आणि हिंदीत तयार केला आहे. विभागाने वेळ दिल्यास तो घेऊन येऊ, आणि सिस्टर व आशाताईंना दोन तासांत भरायला शिकवू. त्यात एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाही. प्रत्येक तक्रारीपुढे तीन चौकोन आहेत : 'घेतलं', 'घेतलं नाही' आणि 'विचारलं नाही'. घाईच्या दिवशी तिसऱ्यावर खूण झाली तरी आमची हरकत नाही. रिकामा चौकोन नको. संगणकावर भरताना रिकाम्याचा 'नाही' होतो.

आपले,
ठाण्यातले काही औषधशास्त्राचे शिक्षक, फार्मासिस्ट आणि डॉक्टर